नासिरभाईंच्या चार पुड्या

नासिरभाईंच्या दुकानात एक प्रश्न विचारायचा नाही: यात काय आहे? विचारलाच, तर ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "गुण पाह्यजे का नाव पाह्यजे?"

बार्शीटाकळीत बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं की सायकलवाल्याच्या शेजारी त्यांचं जडीबुटीचं दुकान आहे. हिरडा, बेहडा, मुरूडशेंग, सब्जा, सगळं बिस्किटांच्या जुन्या डब्यांत. या मालाची नावं ते खुशाल सांगतात. पण वडिलांकडून आलेली, रानातून स्वतः आणून कुटलेली गळवांवरची, जखमांवरची जी मोजकी औषधं आहेत, त्यांची नाही. झाडाचं नाव तोंडातून काढलं की त्याचा गुण जातो, असं अब्बांनी बजावलं होतं.

मला असल्या गोष्टींचा मनस्वी राग येतो. मी अकोल्याला फार्मसी कॉलेजात शिकवते आणि माझा राग वर्गात लपत नाही. एकदा मी म्हणाले, "ज्या पुडीत काय आहे ते सांगता येत नाही, ते औषध नव्हे. ती लोकांच्या डोळ्यांत फेकलेली धूळ आहे."

मागच्या बाकावरून तुबा उठली. ती नासिरभाईंची नात. "मॅडम, मग तपासून पाहा नं. माहे दादा धूळ नाही देत."

वर्ग हसला, मी नाही. "आण," म्हटलं.

सोमवारी तिनं चार पुड्या आणल्या. प्रत्येकीवर निळ्या शाईत नुसता आकडा, एक ते चार. नाव कुठेच नाही! त्याच दुपारी मी तिला घेऊन बार्शीटाकळीची एसटी धरली.

"नासिरभाई, नावाशिवाय मी काय तपासू?"

"जंतू काय नाव वाचून मरतात, बाई?"

मला आणखीच राग आला. मग चहा आला आणि ते गंभीर झाले. "तीन नंबर अब्बाचा जखमेवरचा लेप हाय. चाळीस वर्षं झाले, मी देऊन राहिलो. तुमच्याइथं जे फेल होईन, ते या दुकानातून बंद."

तुबाचा चेहरा उतरला. तिच्या गुडघ्यावर, तिच्या बापाच्या कपाळावर, अर्ध्या गावाच्या अंगावर तो लेप लागला होता. "काहून बंद, दादा? लोक बरे होतात नं."

"होतात. पण कशानं होतात, ते मले तरी कुठं माहीत हाय?"

स्वतःच्या औषधावर शंका घेणारा जडीबुटीवाला मी पहिल्यांदाच बघत होते. माणूस मला तिथेच आवडला, कबूल करते.

आमची तपासणी तशी सोपी. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि त्यांवर औषधाच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. औषध लागू असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल उमटतो. दुसऱ्या दिवशी तुबानं बशा काढल्या. एक नंबरभोवती छान गोल होता. दोनभोवती त्याहून मोठा. तीन आणि चारभोवती काहीच नव्हतं.

आम्ही पुन्हा केलं, अर्क आधी पाण्यात काढून, मग स्पिरिटमध्ये. प्रत्येक वेळी तुबा तिसरी बशी उजेडात धरून इतकी निरखायची की मला तिच्याकडे बघवेना. मग मी रिपोर्ट लिहायला बसले. तीनपुढे "किंचित गुण" लिहिलं असतं तर मला कोण विचारणार होतं? "किंचित" लिहिलंसुद्धा. मग खोडलं. तीन: गुण दिसला नाही. चार: गुण दिसला नाही.

रविवारी आम्ही रिपोर्ट घेऊन दुकानात गेलो. मी एक आणि दोन वाचले, तीन सोडला आणि एकदम चारवर गेले. तीन नंबर जितका लांबेल तितका बरा. चार नंबर ऐकताच नासिरभाई मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"बाप्पा! तुमची बशी खरी निघाली."

"म्हणजे?"

"चार नंबर तुरीचं कुटार होतं, बाई. बैलाचा चारा! बारीक कुटून देल्लं. तुमी त्यातही काई गुण काढता का, ते पाह्यचं होतं."

मी त्यांना तपासत होते आणि हा माणूस मला तपासत होता! माझी कानशिलं तापली. मग तो खोडलेला "किंचित" आठवला आणि घामच फुटला. शेवटी मीही हसले, दुसरा इलाज नव्हता.

हसू ओसरलं तसं त्यांनी विचारलं, "आन् तीन?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांचा चेहरा पाहून माझा जीव कळवळला. "बशीतलं म्हणजे सगळंच नव्हे, नासिरभाई. जखम भरायला दुसरीही कारणं..."

"बाई, कुटाराले पळवाट देल्ली नाही. मंग अब्बाले काहून देता?"

ते उठले, फळीवरून लेपाचा डबा काढला आणि फडक्यानं पुसत राहिले. "अब्बा लेपाच्या अगोदर उकळलेल्या पाण्यानं जखम धुवाले लावत. धुतल्याबिगर लेप देत नव्हते."

"मग गुण त्या धुण्याचा असेल," मी म्हणाले.

"मंग धुणं चालू राहीन," ते म्हणाले आणि डबा तुबाकडे दिला. "रिकामा कर. सब्जा भर याच्यात."

डोळे ओले होते, आवाज नेहमीचाच. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कानात एका झाडाचं नाव सांगितलं. "ज्यात गुणच नाई, त्याचं नाव सांगाले काय भेव?"

"आणि एक नंबर? दोन नंबर?" मी अधाशासारखं विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "गुण पाह्यजे का नाव पाह्यजे?"

एक आणि दोनच्या नावांसाठी मी अजून दर महिन्याला बार्शीटाकळीला जाऊन भांडते आणि चहा पिऊन परत येते. तीन नंबरचं नाव मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही, तुबालाही नाही. तपासणीच्या वहीत ती जागा कोरी आहे, आणि पोरं त्याबद्दल विचारायला लागली की मी त्यांच्यावर ओरडते.