मतदान होईपर्यंत गाडी वरच

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये मी ज्याच्याकडे विंटर टायर बदलून घेतो, तो मेकॅनिक आयरिश आहे. साठीचा, उंच, मोजकं बोलणारा. गाडी तपासून झाली की नुसतं "हं" म्हणतो. ते जितकं लांब, तितका बिघाड मोठा.

यंदा जूनमध्ये एका सकाळी ब्रेक दाखवायला गेलो. गाडी लिफ्टवर चढवून हा फोनवर आयर्लंडच्या संसदेतली चर्चा ऐकत बसला. दहशतवादाविरुद्धच्या आणीबाणीच्या कायद्याची मुदत तिथे दरवर्षी मतदान घेऊन वाढवतात. त्याच कायद्याखाली पूर्वी त्याच्या थोरल्या भावाला आरोप न ठेवता दोन दिवस कोंडून ठेवलं होतं.

"मला ऑफिस आहे हो," मी म्हणालो.

"मतदान होऊ दे. भावाला हे ऐकवत नाही, म्हणून मी ऐकतो."

मग मीही ऐकत बसलो. कोणी म्हणे, कायदा रद्द करा. कोणी म्हणे, या कायद्यामुळेच ज्युरीशिवाय खटले चालतात; तो गेला तर गुन्हेगारी टोळ्या ज्युरीतल्या लोकांना धमकावतील. शेवटी मुदत वाढलीच. मला वाईट वाटलं, पण तो चक्क हसत होता.

"अहो, हरलात ना तुम्ही?"

"हरलो. पण पूर्वी हे दहा मिनिटांत उरकायचे. आज माणसं भांडली."

त्याने लगेच भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"कोणी बोललं का?" भावाने विचारलं.

"बोलले रे. तासभर बोलले."

पलीकडून एक मोठा, मोकळा सुस्कारा ऐकू आला.