किल्लीवरचा हात

कल्याण स्टेशनात मी तारमास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. पुण्याची आणि नाशिकची वाट इथेच फुटते, त्यामुळे आमच्या खोलीतल्या तारयंत्राला उसंत नसे. पितळेची किल्ली बोटांनी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. त्या ठोक्यांची अक्षरं होत आणि पुढच्या स्टेशनाला पोचत. गाडी सुटली, गाडी अडली, घाटात दरड आली, सगळं त्या किल्लीतून जाई. पाळी संपवून पारनाक्याकडे घरी चालत निघालो तरी बोटं धोतरावर आपली ठोके देत असायची.

एका उन्हाळ्यात माझा उजवा हात बिघडला. दुखत नव्हता. पण किल्लीवर ठेवला की अंगठा आत वळे, बोटं ताठत आणि एका ठोक्याच्या जागी तीन पडत. पलीकडून तार येई, "तुमच्या जागी कोण बसलंय?" मीच बसलेला असे.

पुढे लेखणी धरवेना. मग घास धरवेना. एका मुंजीच्या पंगतीत माझ्या हातून भात पानाबाहेर उडाला आणि शेजारच्या गृहस्थांनी आपलं पान मुकाट्याने दूर सरकवलं. डाव्या हाताने जेवायचं तर आमच्या घराण्यात त्यापेक्षा उपास बरा. मी पंगतींना जाणंच सोडलं. घरी बायको भात कालवून लहान लहान घास पानात मांडून ठेवी आणि मी ते तळहाताने कसेबसे तोंडात लोटत असे, तेवढा वेळ ती चुलीकडे बघत बसे.

कंपनीच्या डॉक्टराने हात दाबला, ओढला, टोचला. "हाड शाबूत, मांस शाबूत," तो म्हणाला. "कामाचा कंटाळा आलाय तुला."

आमच्या खोलीत दुसरे तारमास्तर होते ते खाडीकाठच्या मोहल्ल्यातले कोकणी मुसलमान. माझ्याहून धाकटे, बोलायला कमी. एक दिवस माझ्या हातून तार तिसऱ्यांदा बिघडली तेव्हा त्यांनी आपलं स्टूल माझ्याजवळ ओढलं.

"भाऊ, उठा. मी ठोकतो."

"आणि तुमचं काम?"

"माझं तुम्ही करा. माझा हात पळतो, पण ऐकायला मी कच्चा. पलीकडचा घाईने बोलायला लागला की माझे शब्द गळतात. तुमचा एक कधी गळलेला बघितला नाही मी."

ते खरं होतं. माझे कान शाबूत होते. तेव्हापासून आलेली तार मी ऐकायची आणि तोंडाने सांगायची, त्यांनी लिहायची. जाणारी तार त्यांनी ठोकायची. स्टेशनमास्तरांना हे दोन दिवसांतच कळलं. त्यांनी आमच्या पाळ्या तेवढ्या जुळवून दिल्या. तारांबद्दलच्या तक्रारी थांबल्या. तो पावसाळा आणि पुढचा हिवाळा मी माणसासारखा जगलो. घरी पाटावर डाव्या हाताने ठोके द्यायची सवयही करत होतो.

उन्हं तापू लागली तेव्हा मुंबईहून तपासणीचा साहेब आला. त्याला कोणी सांगितलं, कोण जाणे. प्रत्येकाने एकट्याने तार पाठवायची आणि घ्यायची, असा हुकूम झाला. मी डावा हात किल्लीवर ठेवला. सावकाश, पण स्वच्छ तार गेली, आणि पलीकडून पोचल्याची खूण आली. आलेली तारही डाव्या हाताने सावकाश, पण एकही शब्द न गाळता लिहून काढली. मग माझ्या सोबत्याची पाळी झाली. येणारी तार भरधाव होती. त्यांचे दोन शब्द सुटले.

"एक मंद, एक बहिरा," साहेब म्हणाला. "दोघं मिळून एक तारमास्तर झालाय."

स्टेशनमास्तरांनी धीर केला. "साहेब, काम चोख होतंय. इतक्या महिन्यांत एक तार चुकली नाही."

"कामाचं मी विचारलेलं नाही," साहेब म्हणाला.

त्याच आठवड्यात मला काढलं आणि सोबत्याला घाटातल्या एका स्टेशनावर धाडलं.

मी पुन्हा स्टेशनात गेलो. म्हटलं, "फाटकावर ठेवा, निशाण डाव्या हाताने दाखवीन. उतारूंना पाणी पाजायला ठेवा." स्टेशनमास्तरांनी मान वर केली नाही. "धडधाकट माणसं दारात उभी आहेत हो," ते म्हणाले. "तुमच्यासाठी कुणाशी भांडू?" त्यांचा राग आला नाही मला. त्यांना भांडायला जागाच नव्हती.

आम्ही थोरल्या भावाच्या घरात राहायला गेलो. बायको त्यांच्या स्वयंपाकघरात राबू लागली. कोणी आलं की भाऊ म्हणत, "हा रेल्वेत होता," आणि पाहुणे माझ्या हाताकडे बघत. कल्याणात माझ्याच्याने होईल असं काम नव्हतं असं नाही. पण जो कोणी काम सांगे तो आधी हात पुढे करायला लावी.

दोनेक वर्षांनी सोबती रजेवर आले तेव्हा मला भेटायला ओटीवर आले. वाळले होते. घाटात दोन्ही कामं एकट्यानेच करतात, म्हणाले. गळलेले शब्द परत मागवावे लागतात, पलीकडचे शिव्या देतात. बोलताना उजवा हात त्यांनी खांद्यावरच्या रुमालाखाली धरला होता. मी बघितलं आणि मी बघितलं हे त्यांना कळलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"थंडीपासून. अजून कुणाला ठाऊक नाही." रुमाल सावरत ते म्हणाले, "भाऊ, तिथे ठोकायला दुसरं कुणी आहे का, असं विचारू नका. एकटाच आहे मी. तुम्हाला नंतर कुणी काही काम दिलं का?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आतून भावाने मला हाक मारली, तसे ते उठले आणि खाडीच्या वाटेने निघून गेले.