साडेअठ्ठावीस इंच

आत्याच्या हातचा कपडा कधी दुरुस्तीला परत आला नाही. चाळीस वर्षं ती शिवतेय, तीही एकाच टेपने. पिवळी, कापडी, कडा झिजलेली. काम संपलं की टेपच्या टोकाला मोठी कात्री बांधून दोन्ही एकाच खिळ्याला लटकवायची. "दोन वस्तू, एकच शोधाशोध," असं तिचं म्हणणं. तिच्या मापापुढे बोलायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. कापडवाल्याशी मात्र कायम वाजायचं. तीन मीटर कापड तिच्या टेपवर कधी पुरं भरायचं नाही, आणि मग त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

पुढे तिचे गुडघे गेले आणि ती अडकली. खोली तळमजल्यावर, पण मागच्या अंगाला. रस्त्यावर यायचं तर दोन इमारतींमधल्या बोळातून साठ पावलं. भिंत धरत ती बोळाच्या तोंडाशी पोचायची तोवर दम संपलेला, मग तशीच परत. खिडकीतून समोरची भिंत दिसते, बास. "त्या गिलाव्याचा पोपडा वाढलाय," ती मला सांगायची, "तेवढीच आजची बातमी."

मी सुतार, तिचा एकुलता एक भाचा. दर रविवारी तिला दोन तास बाहेर न्यायचो, त्यातला अर्धा वेळ घड्याळ बघत. ती बटणांच्या दुकानात रमायची आणि मी दारात किल्ल्या वाजवत उभा. एकदा परत येताना ती म्हणाली, "मला कुणाच्या रविवारावर जगायचं नाही. एक छोटी विजेची गाडी घेऊ. पैसे आहेत माझ्याकडे."

मी माहितीपत्रकं आणून दिली. आत्याने त्यांचं शिवणकाम करून टाकलं. पत्रकातले आकडे घेऊन तिने खाकी कागदावर प्रत्येक गाडी वरून दिसेल तशी आखली आणि कापली. तीन कागदी गाड्या फरशीवर पसरल्या. दुचाकी बोळातून आरामात गेली असती, पण थांबताना पाय टेकवायला गुडघा कुठून आणायचा? चारचाकी छपराची, ऐटदार, तिचा कागद बोळात शिरेना. ती रस्त्यावर ठेवायची तर बॅटरी काढून घरात चार्ज करायची, वजन अकरा किलो. "ती उचलता आली असती तर गाडी कशाला लागली असती?" आत्या म्हणाली. राहिली तीनचाकी. बुटकी, हँडलला टोपली, रुंदी साडेअठ्ठावीस इंच. दारापर्यंत आली की घरातल्या प्लगला लागणार. हिच्यावर तिचा जीव जडला. कागदावर सीटच्या जागी तिने खडूने फूलसुद्धा काढलं.

मी तो कागद आडवा धरून बोळातून चाललो. दोन्ही कडा भिंतींना घासून चुरगळल्या. आत्याने टेप लावली. बोळ पावणेअठ्ठावीस.

"पाऊण इंचासाठी!" ती म्हणाली आणि पायरीवरच बसली.

गाडीच्या दुकानातली मुलगी फोनवर म्हणाली, "मावशी, गाडी आणून दाखवते ना." आत्याने सुनावलं, "माझं माप चुकत नाही." मीही पुढे काही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं होतं. गाडी आली असती तर नोंदणी, प्लग, शिकवणं, सगळं माझ्याच गळ्यात पडलं असतं.

चौदा महिने गेले. आत्याची गिऱ्हाइकं कमी झाली. माझे रविवार महिन्याला दोन झाले, मग एक. ती कधी कारण विचारायची नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. त्या खोलीत मला घुसमटायला व्हायचं. मी अर्धा चहा टाकून उठायचो. तिला उठून जायची सोय नव्हती.

शेवटी तिने नाद सोडला. "इस्त्रीला टेबल करून दे," म्हणाली. "साडेअठ्ठावीस रुंद. गाडीचा तो कागद वर अंथरते, वाया कशाला जायचा?"

मी फळी कापून आणली. तिने कागद पसरला, तर तो दोन्हीकडून खाली लोंबला.

"कमी कापलीस."

हे मला झोंबलं. कमरेची पोलादी मोजपट्टी उपसून लावली. फळी साडेअठ्ठावीस. मग कागद मोजला, तो पावणेतीस.

आत्याने खिळ्यावरची टेप काढली, कात्री सोडली आणि टेप माझ्या पट्टीशेजारी ठेवली. तिच्या अठ्ठाविसाची खूण माझ्या सव्वाएकोणतिसावर आली. "कात्रीने ताणली," ती म्हणाली. "शिवताना कसं कळणार? माणूसही हिनेच मोजला, कापडही हिनेच." मग हळूच म्हणाली, "त्या बिचाऱ्या कापडवाल्याला मी काय काय बोलले."

मी बोळात जाऊन पट्टी धरली. एकोणतीस. गाडी जात होती. चौदा महिन्यांपूर्वीही जात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझा कळसा तर कमरेला होता आणि मी वळसाही घातला नव्हता. मला माझी लाज वाटली.

त्याच आठवड्यात गाडी आली. आठ दिवस आत्या दारातच गाडी मागेपुढे करायला शिकली. नवव्या दिवशी ती बोळातून निघाली, दोन्हीकडे पाव-पाव इंच, एकदाही न घासता. शेजारून चालायला जागा नव्हती, म्हणून मी मागून. बोळाच्या तोंडाशी तिने ब्रेक लावला आणि मागे न बघता विचारलं, "ती पट्टी तुझ्या कमरेला किती वर्षं आहे रे?"

"एकोणीस."

"रविवारीही असते?"

"असते."

तिने मान हलवली, उजवीकडचा इंडिकेटर लावला आणि बटणांच्या दुकानाच्या दिशेने निघाली. ती मला "चल" म्हणेल म्हणून मी थांबलो होतो. ती म्हणाली नाही.