देवपूरचा पंप आणि माझं कुंकवाचं बोट

परवा देवपुरात माझी चांगलीच जिरली... दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर येण्याआधी म्हटलं आपणच सांगून टाकावं.

तिथे एका कापसाच्या जिनिंगच्या चाळीचं मैल्याचं पाणी उपसणारा पंप आहे, खोल खड्ड्यात बसवलेला. तो चालवतात नामदेवनाना, दुरुस्तीचा मिस्त्री मी. पंपाच्या शाफ्टभोवती, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती, पाणी अडवायला आजवर चरबी लावलेली दोरी ठासायची पद्धत, आणि ही दोरी थोडी गळायलाच हवी, नाहीतर जळते. ते गळणारं घाण पाणी नानांच्या पायाशी साचायचं... बारा महिने.

चिखल्यांनी नानांचे पाय पार कुजले होते. वैद्य म्हणाले, पाय कोरडे ठेवा, नाहीतर बोटं जातील. आता खड्ड्यात उभ्या माणसानं पाय ठेवायचे कुठे, डोक्यावर?

महायुद्ध संपल्यापासून मुंबईहून नवा माल यायला लागलाय, त्यात दोरीच्या जागी बसणारं हे मेकॅनिकल सील आलं. एक कडी पंपात घट्ट बसते, दुसरी शाफ्टबरोबर फिरते, आणि दोघींची आरशासारखी तोंडं एकमेकींना अशी भिडतात की पाण्याला वाटच नाही.

जळगावच्या शेठजींकडे दोन प्रकार होते. एकात एक कडी काळी, मऊ. दुसऱ्यात दोन्ही कडक. शेठजी म्हणाले, "मऊवालं न्या, सगळे तेच नेतात." अहो, सगळे विहिरीचं पाणी उपसतात! आमच्या पाण्यात वाळू, राख, काय नाही ते, मऊ कडी चार दिवसांत घासून जायची. भांडून कडकच घेतलं.

जिनिंगच्या मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं, हे गळलं तर परत दोरी. म्हणजे नाना परत पाण्यात.

देवपुरात पोचल्यावर मी काय तोरा मिरवला म्हणून सांगू! कड्यांच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही, बोटाचा डागसुद्धा चालत नाही, असा सगळ्यांना दम भरला. नानांच्या बायकोनं, आक्कांनी, पूजेचं ताट आणलं होतं. पूजा केली, सील चढवलं, पंप जोडला, नारळ फोडला, मोटार चालू केली...

टप... टप... टप...

टाळकंच सरकलं माझं. शेठजी, मुंबई, सील बनवणाऱ्याच्या सात पिढ्या... कुणाला म्हणून सोडलं नाही. कोपऱ्यातलं दोरीचं भेंडोळं उचलून नानांनी माझ्यापुढे धरलं. तो चेहरा बघवेना हो.

तेवढ्यात वरून आक्कांचा आवाज आला, "हाई बठ्ठं तुम्हनंच करेल शे, भाऊ!"

"मी काय केलं?" मी खेकसलो.

"त्या चमकत्या कडीले कुकू कोणी लायं?"

अरे देवा... मीच की! नवा भाग हाती आला की आधी कुंकवाचं बोट, ही माझी पंधरा वर्षांची सवय. जगाला दम भरून झाल्यावर ते बोट मी थेट कडीच्या तोंडावर टेकवलं होतं, आणि मला पत्ताही नाही.

मुकाट्यानं पंप खोलला. दोन तोंडांच्या मध्ये लाल राड. धुतलेल्या मलमलीनं पुसून कड्या उजेडात धरल्या... ओरखडा नाही! मऊ कडी असती तर तिथेच कारभार आटोपला असता. पुन्हा बसवलं, ह्या वेळी आक्का माझ्या हातांवर डोळा ठेवून शेजारी उभ्या.

मोटार चालू केली. थेंब नाही! नानाच घाबरले, गळत नाही म्हणजे जळणार म्हणून पाना घेऊन धावले. त्यांना हाताला धरून बसवावं लागलं.

आज सकाळी मुद्दाम तिकडून आलो. खड्डा कोरडा, झाडून काढलेला. नाना काठावर उन्हात पाय पसरून बसले होते, शेजारी वहाणा काढून ठेवलेल्या. मला बघून म्हणाले, "आज वहाना घालीसन कामवर उनू, भाऊ."

सील मी निवडलं, ते श्रेय मी घेणारच. पण आक्का भिडेपोटी गप्प राहिल्या असत्या तर सील शेठजींकडे परत गेलं असतं, आणि नाना त्या पाण्यात.

चारचौघांत मला सुनावलंत, आक्का... फार बरं केलंत.