फरकबाई

दोन गोष्टी सारख्याच आहेत, असं फरकबाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. कँटीनचा समोसा कालच्यासारखाच आहे म्हटलं, तरी त्या म्हणत, "काऊन? कालचा वाकडा होता." त्यांना हे नाव आमच्या कार्यालयातल्या साहेबांनी दिलं, तेही टोचायलाच. बाई आमगावकडच्या शेतकरी घरातल्या, शिकून इंजिनिअर झालेल्या. गोंदियाच्या कार्यालयात आम्ही दोघंही कंत्राटी. वनहक्क, म्हणजे जंगलात कसत आलेली जमीन स्वतःच्या नावावर मागणाऱ्यांच्या शेतांचे नकाशे संगणकात भरायचो.

"शेत पाहिल्याबिगर रेघ ओढू नोका," हा त्यांचा दंडक. कचारगडच्या चढावरही त्या चपला हातात घेऊन माझ्यापुढे चालत.

एकदा सालेकशाकडून सुकवारो नावाची बाई आली. मंजूर यादीत जावेचं शेत होतं, तिचं नव्हतं. "नाला मधातून जाते. अलीकडं माजी जाऊ, पलीकडं मी. मंग माजं शेत कुटं गेलं?"

फरकबाईंनी नकाशा उघडला. चौकोनी जमीन नाल्यानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी कापलेली, त्याचे दोन त्रिकोण. एकच शेत दोनदा भरलं गेलं असेल तर गाळावं, म्हणून साहेबांनी सारखे आकार एकत्र करायला लावले होते. पण सारखेपणा ठरवताना आमचं सॉफ्टवेअर आकार पाहतच नव्हतं. आकाराभोवती बसणारी चौकट तेवढी पाहत होतं. दोन्ही त्रिकोणांची चौकट एकच. दोन बायांचं एक शेत झालं.

बाई तडक साहेबांकडे गेल्या. "सर, या दोन जमिनी हायेत. असे आनखी असतील. सारी यादी पुन्हा काढा लागते."

"मॅडम, लिस्ट ऊपर चली गई. डुप्लिकेट निकाले, तो तारीफ हुई अपनी. एक औरत के लिए सब खोलूँ क्या?"

"एकीसाठीच खोला."

साहेब हसले. बाईंनी वर तक्रार केली, ती फिरून साहेबांच्याच टेबलावर आली. वर्षअखेरीस सगळ्यांची कंत्राटं वाढली, माझंही; त्यांचं नाही. "स्वभाव जुळत नाही," एवढंच तोंडी कारण.

नागपूरच्या गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "चूक यंत्राची होती तवा मले राग नाई आला. समजल्यावरही तशीच ठेवली, त्याचा येऊन राहिला."

यादीत नसल्यानं सुकवारोचा तुकडा वनखात्याचाच राहिला, आणि पुढच्या वर्षी त्यावर खात्याचं सागाची रोपं लावायचं काम निघालं. ते पाहून आल्यावर मी बाईंना फोन केला.

"खड्डे कोन खोदून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"सुकवारोच. मजुरीवर."

 बाईंनी फोन बंद केला. त्यानंतर माझा फोन त्यांनी कधीच उचलला नाही.