नळी ठेवायची जागा

जाऊबाईंनी नवाकोरा ट्रेलर घेतला, तेव्हा इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात, आम्ही कुणाचा तरी वापरलेलाच ओढत होतो. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत ओटा, पलंग, संडास, सगळं. त्यांच्यात गालिचा, दारापुढे उघडणारं रंगीत छत. आमच्यात पाऊस आला की पलंगाखाली पातेलं. मी तोंडावर "मस्त आहे हं, जाऊबाई" म्हटलं आणि घरी येऊन भांडी आदळली.

पण खरं दुखणं ट्रेलरचं नव्हतंच. त्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून पहिल्यांदाच अमेरिकेत आल्या होत्या, त्या उतरल्या थोरल्या मुलाकडे, म्हणजे जाऊबाईंच्या घरी, आणि राहिल्याही तिथेच. मोठीची आमटी अशी, मोठी हसते किती छान! फोनवर ऐकून ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग दोन्ही घरांनी मिळून उत्तरेला तळ्याकाठी कॅम्पिंगला जायचं ठरलं. मी मनाशी पक्कं केलं, तिथे तरी त्या माझ्याच ट्रेलरमध्ये राहणार.

त्यांचं सोवळंओवळं मला चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या घरात पिण्याच्या पाण्याची कळशी आणि मोरीतली बादली एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. आणि ट्रेलरला तर दोन नळ्या लागतात. एक पिण्याचं पाणी भरायची, दुसरी संडासाची टाकी जमिनीतल्या गटाराच्या तोंडात रिकामी करायची. ठेवायला जागा मात्र एवढीशी! मी नवऱ्याच्या हात धुवून मागे लागले. त्याने ट्रेलरच्या पोटाखाली, पार मागच्या टोकाला, एक जाड प्लास्टिकचा पाइप पट्ट्यांनी बांधला, दोन्हीकडे झाकणं बसवली. घाणीची नळी त्यात. रबरी हातमोजे शेजारच्या डब्यात. पाण्याची पांढरी नळी पुढच्या पेटीत, धुतलेल्या पिशवीत.

"अगं, एवढं कोण बघणार आहे?" नवरा वैतागून म्हणाला.

"बघणारी येतेय," मी म्हटलं.

आणि बघितलं त्यांनी! निघायच्या सकाळी जाऊबाईंनी सामान कोंबायला बाहेरचा कप्पा उघडला. खुर्च्या, कोळसे, लोखंडी जॅक, त्याखाली घाणीची नळी आणि तिच्याच वेटोळ्यात पाण्याची. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग मी माझं दाखवलं. त्यांनी आपली बॅग उचलून आमच्या ट्रेलरमध्ये ठेवली. वाटभर मी गाणं गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ लाकडं आणायला गेले होते. सासूबाई अंघोळ उरकून, स्तोत्र पुटपुटत आमच्या दारात उभ्या. मी पोहे परतत होते. पलीकडे जाऊबाई टाकी रिकामी करायला बसल्या. जॅकखाली चेंगरून त्यांच्या नळीला भोक पडलं होतं. व्हायचं तेच झालं, सगळं त्यांच्या पायांवर! कशीबशी टाकी बंद केली त्यांनी. एरवी सतत खिदळणारी ती बाई तिथेच मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

खरं सांगते, मला गार वाटलं.

"आई, अंघोळ झालीय तुमची, जाऊ नका तिकडे," मी म्हणाले. ऐकतायत कशाला! पदर खोचून त्या तरातरा गेल्या. मी हातमोजे घेऊन मागे धावले, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती नळी उघड्या हातांनी उचलून बाजूला केली, नळावरून बादली भरून आणली आणि मोठीचे पाय चोळचोळून धुवायला बसल्या.

"उठ गं पोरी. रडतेस काय एवढं? पोरांची दुपटी धुण्यात जन्म गेला माझा, याचं काय मला!"

जाऊबाई रडता रडता हसायला लागल्या. मग सासूबाईही हसल्या. दोघींनी मिळून ती नळी धुतली, चिकटपट्टी गुंडाळली, आणि त्यांचं हसणं काही थांबेना. मी हातात मोजे धरून उभी. मागे पोहे करपले.

सासूबाई परत आल्या, आमच्या पाण्याने पुन्हा अंघोळ केली, करपलेले पोहे नावं न ठेवता खाल्ले. "सूनबाई, तुझं मात्र सगळं कसं जिथल्या तिथे असतं हो," म्हणाल्या. लग्न झाल्यापासून हे ऐकायला माझे कान आसुसले होते. पण ती 'पोरी', आणि मी 'सूनबाई'.

त्या मोठीकडे चहाला गेल्या, तेव्हा मी ट्रेलरच्या मागे जाऊन त्या पाइपला एक सणसणीत लाथ घातली. झाकणसुद्धा हललं नाही.