सिस्टरांची शिकवणी

फोन दुपारी आला, दवाखान्यात गर्दी असताना. "साळवे सिस्टर गेल्या," पलीकडून त्यांचे मिस्टर म्हणाले. "तुम्हाला कळवायला सांगितलं होतं तिनं..." त्या फोनला आता महिना होऊन गेला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी अकोले तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा सुमन साळवे तिथे नर्स होत्या. मूळच्या पारनेरकडच्या. आवाज हळू, चाल झपाझप. एका सकाळी आश्रमशाळेतून चंद्राला आणलं. तेरा-चौदा वर्षांची पोर, आठवड्यात तिसऱ्यांदा बेशुद्ध. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. मी मनाशी ठरवून टाकलं, ही सोंग करतेय. खोलीचं दार लावलं, तिच्या गालावर दोन चापट्या मारल्या आणि ओरडलो, "नाटकं बंद कर!" सिस्टर दार ढकलून आत आल्या. पोरीसमोर मला काही बोलल्या नाहीत. नंतर व्हरांड्यात म्हणाल्या, "सर, तिन्ही वेळा मी आणणाऱ्यांना विचारलंय. दार लागलं की तिची शुद्ध जाते."

पुढच्या बाजाराला चंद्राची आजी आली. सिस्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या, काही न विचारता. बऱ्याच वेळानं म्हातारी बोलली, "घर पेटलं तवा आतून कडी हुती, बाई. माय आत. ही भायेर दार बडवीत हुती..."

मी सिस्टरांना म्हणालो, "कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही." त्या म्हणाल्या, "आम्हाला तरी कुठं शिकवलं? एकत्रच शिकू की." आणि खरंच, आजूबाजूच्या केंद्रांवरचे डॉक्टर, नर्स, आरोग्यसेविका, कंपाउंडर, जीपचे ड्रायव्हर, सगळ्यांना त्यांनी एका शनिवारी एकाच सतरंजीवर बसवलं. शहरातून एक मानसोपचारतज्ज्ञ बाई येणार होत्या, त्यांची एसटी चुकली. एक ज्येष्ठ डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "मग काय, आता नर्सबाई आम्हाला पेशंट तपासायला शिकवणार?" लोक हसले.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या, "त्या पोरीचं तुम्ही सांगा, नाव न घेता. मी सांगितलं तर ते गाऱ्हाणं होईल." मी उठलो. चापट्यांसकट सगळं सांगितलं... मग मागून आमचा ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, जीपचं मागलं दार लावलं की एक पोरगी लई थरथरायची. मी बी तिच्यावर खेकसलो हुतो." शेवटी त्या ज्येष्ठ डॉक्टरांनीच विचारलं, "मग सिस्टर, अशा मुलीला तपासायचं कसं?" शिकवणी तिथून सुरू झाली आणि चार वर्षं चालली.

चंद्रा एकदम बरी झाली नाही. शुद्ध जाणं कमी होत गेलं. दहावी दुसऱ्या खेपेला पास झाली, तेव्हा मात्र सांगायला स्वतः आली. आधी सिस्टरांकडे, मग माझ्याकडे.

सिस्टरांची एक सवय होती. तान्ह्या बाळाला सुई टोचतानासुद्धा त्या आधी विचारायच्या, "हात लावू का रे?" आम्ही थट्टा करायचो. परवा माझ्यासमोर एक मुलगी मान खाली घालून बसली होती. नाडी बघायला मी हात पुढे केला, थबकलो आणि विचारलं, "हात लावू का?"

ती म्हणाली, "न्हाई."

मी हात मागे घेतला आणि तिच्यासमोर बसून राहिलो.